माझ्या वहीतला दुसरा पहिलवान

पहिलवानांचे नंबर लावणं ज्याला सोपं वाटतं, त्यानं ते काम कधी केलेलं नसतं. आमच्या जळगावच्या कॉलनीतले निवृत्त लोक हल्ली संध्याकाळी बाकावर बसून हेच करतात. मोबाईलवर कुणीतरी जगातल्या दहा सर्वश्रेष्ठ पहिलवानांची यादी टाकलेली असते आणि ती वाचून हे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्या यादीतले निम्मे रंगीत चड्ड्या घालून दोरांवरून उड्या मारणारे असतात, त्याला माझी हरकत नाही; त्यांचंही पोट त्यावरच आहे. हरकत एवढीच की यादी करणाऱ्यानं कशाला किती किंमत दिली ते कुठंच सांगितलेलं नसतं. कोणी कुणाला पाडलं, कुणाच्या मातीत पाडलं, तेव्हा पडणारा ताजा होता की आधीच्या दोन कुस्त्या त्याच्या अंगावर होत्या, पंच कुठल्या गावचा होता, हे विचारल्याशिवाय नंबर लावणं म्हणजे कापूस हातात न घेता त्याची प्रत सांगणं. मी एकदा तसं बोलून गेले तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईमाणूस, त्यातून मास्तरीण, हिला कुस्तीतलं काय कळतं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सोळाव्या वर्षी सगळ्या खान्देशातल्या पहिलवानांचे नंबर माझ्या वहीत होते आणि तितके चोख नंबर दुसऱ्या कुणाकडे नव्हते, हे त्यांना सांगून काय उपयोग. सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की त्यातला एक नंबर मी जाणूनबुजून खोटा लावला.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना मुख्य रस्त्यापासून थोडं आत. घर धाब्याचं, पुढे अंगण, अंगणाच्या उजव्या हाताला गोठा आणि गोठ्याला लागून भाऊचा आखाडा. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ हिलाल. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, आईला माय. आबांनी तरुणपणी स्वतः कुस्त्या केल्या होत्या आणि आता ते गावच्या दंगल कमिटीचे प्रमुख होते. माझी सकाळ आवाजांनीच उजाडायची. आधी भाऊचे जोर. तळवे मातीवर टेकल्याचा आवाज, मग लांब श्वास, मग परत तळवे. तो मनात मोजायचा, मी अंथरुणात मोजायचे, आणि चारशेच्या पुढे गेला की मला झोप लागायची. ती मोडायची मायच्या रवीनं. ताक घुसळताना तिच्या बांगड्या मडक्याला लागायच्या, मधेच म्हैस दावणीला डोकं घासायची, आणि आबा खोकत खोकत आखाड्याच्या मातीत ताक आणि हळद घालून फावड्यानं ती वरखाली करायचे. ते ताक आम्हाला प्यायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं मी एकदा म्हणाले, तेव्हा मायनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आमच्याकडे जत्रेच्या दंगलीत जिंकणाऱ्याला भांडं द्यायची रीत होती. पहिल्या पोराटोरांच्या कुस्त्या नारळावर सुटायच्या, मग वाटी, तांब्या, पातेलं, परात, आणि शेवटच्या कुस्तीला तांब्याचा हंडा. आबांनी आणि नंतर भाऊनं जिंकलेल्या भांड्यांनी आमचं स्वयंपाकघर भरलेलं होतं, आणि ज्या गावच्या जत्रेत जे मिळालं त्या गावाचं नाव त्या भांड्याला पडलं होतं. माय म्हणायची, पहूरमध्ये डाळ शिजत घाल, चोपडा घासून ठेव, रावेरचं झाकण कुठं गेलं ते बघ. पाहुण्या बायका गोंधळून जायच्या. मला जिल्ह्याचा नकाशा शाळेत जायच्या आधी या चुलीपुढे कळला. चोपडा म्हणजे ती मोठी परात, जिच्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळलं जायचं; तिचा काठ एका बाजूला चेपलेला होता, कारण आबांनी ती डोक्यावर घेऊन येताना बैलगाडीतून पाडली होती. जेवायला भाकरी, ठेचा, हिवाळ्यात कांद्याची पात घातलेलं भरीत. भाऊच्या ताटात याच्यावर तूप आणि शेजारी दुधाचा गडवा. माझ्या ताटात नाही. मी कुरकुर करायचे, तेव्हा भाऊ मायची पाठ वळलेली बघून आपल्या भाकरीचा तुपाचा भाग तोडून माझ्याकडे सरकवायचा.

वहीची सुरुवात कशी झाली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की घरी सतत पहिलवान यायचे आणि बोलणं दुसरं नसायचं. हंगामात हे लोक एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला जायचे, कुस्तीवरच त्यांचं पोट होतं, आणि वाटेत आमच्या ओसरीवर मुक्काम करायचे. मी आतून भाकरी थापता थापता ऐकायचे आणि रिकाम्या वेळात लिहून काढायचे. मी स्वतः दंगल एकदाही पाहिलेली नव्हती. बायका दंगलीला जात नसत. जत्रेच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी आमच्या धाब्यावर चढून बसायचो. तिथून देवळामागचं मैदान दिसत नव्हतं, चिंचांचे शेंडे आणि त्यांच्या वरची धूळ दिसायची. पण ऐकू सगळं यायचं. डफ कधी चढतो, कधी मंद होतो, भोंग्यावर बोलणारे मास्तर कुठं दम घेतात, पाठ टेकली की लोक कसे ओरडतात आणि कुस्ती बरोबरीत सुटली की कसे कुजबुजतात, हे मला इतकं पाठ झालं होतं की डोळे मिटून मी निकाल सांगायचे. शेजारच्या काकू माझ्यावर पैज लावायच्या, भाजलेल्या शेंगांची.

माझे नियम कडक होते. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीला मी काहीच देत नसे. दोघं थकले म्हणून दोघांना बक्षीस कशाला? मोठ्या वजनाच्या गड्यानं लहानाला पाडलं तर अर्धं. परक्या मातीत, परक्या पंचासमोर जिंकलं तर दुप्पट. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम, जो माझ्या मते आजही कुठल्याच यादीत पाळत नाहीत, तो असा की आपल्याच गावच्या आसपास जिंकलेली कुस्ती अर्धीच धरायची. आपल्या मातीत पाय आपोआप उभा राहतो, लोक आपले असतात, डफ वाजवणारासुद्धा आपला असतो. या हिशेबानं त्या वेळी पहिला होता धुळ्याचा गजमल, दुसरा रावेरचा सुपडू, तिसरा पहूरचा उस्मान, चौथा चोपड्याचा झुंबर आणि पाचवा आमचा भाऊ. भाऊच्या कुस्त्या पुष्कळ होत्या, पण बहुतेक पारोळ्याच्या आजूबाजूच्या. सहा महिन्यांतून एकदा तो गोठ्यात धारा काढता काढता मला विचारायचा, वहीमा मी कितवा शे? मी सांगायचे, पाचवा. तो मान हलवायचा. एकदाही रुसला नाही. शाळा त्यानं सातवीत सोडली होती आणि लिहिलेल्या गोष्टीबद्दल त्याला फार आदर होता. "तू खोटं लिखत नही," असं तो म्हणायचा आणि पुढची धार काढायला लागायचा. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र. त्याची मी काय किंमत केली तेच आता लिहायचं आहे.

गावात सगळ्यांना वाटायचं की आबांची आठवण दांडगी आहे. कमिटीच्या बैठकीत कुणी विचारलं की अमक्याला तमक्यानं कधी पाडलं, तर आबा सांगायचे, जरा पाणी पिऊन येतो, आणि आत यायचे. मी चुलीपाशी वही उघडून सांगायचे. ते तांब्याभर पाणी पिऊन बाहेर जायचे आणि तेच ठणकावून सांगायचे. मला याचं वाईट वाटत नव्हतं, उलट भारी गंमत वाटायची. सगळ्या गावाच्या जोडी मी लावत होते आणि गावाला पत्ता नव्हता. मोठ्या जोडी जत्रेच्या पंधरा दिवस आधी ठरायच्या, त्यांची जाहिरात छापून एसटी स्टँडवर, पानटपऱ्यांवर, जिनिंगच्या फाटकांवर चिकटवली जायची. एकदा कागदावर छापलेली जोड पहिलवानाला स्वतःहून मोडता येत नसे. मोडली तर पुढं त्याला कुणी बोलावत नसे. मात्र अब्रू राखून सुटायची एक वाट जुन्या लोकांनी ठेवली होती. दंगलीच्या दिवशी सकाळी कमिटीचा प्रमुख दोघांना बघायचा, आणि जोड फारच विजोड वाटली तर कमी पडणाऱ्याला बाजूला घेऊन विचारायचा, ताप लावू का? तो हो म्हणाला की भोंग्यावर सांगायचे, अमक्या पहिलवानाला ताप भरलाय, त्यांच्या जागी तमके. पहिलवान घोंगडी पांघरून पुढच्या रांगेत बसायचा. सगळ्यांना खरं काय ते कळायचं आणि कुणी हसायचं नाही. फक्त विचारायचं ते प्रमुखानंच. पहिलवानानं आपण होऊन ताप मागायचा नसे.

त्या वर्षी शेवटच्या जोडीला गजमल येणार हे ठरलं होतं. त्याच्यासमोर माझ्या वहीप्रमाणे सुपडू उभा राहायला हवा होता. भाऊचं नाव मधल्या एका परातीच्या कुस्तीला होतं, तीही होईल की नाही याची खात्री नव्हती, कारण जत्रेनंतर वीस दिवसांनी त्याची धुळ्याला पोलीस भरती होती. धावण्यात तो पहिल्या पाचांत येईल असं तिथल्या वस्तादानं सांगितलं होतं. माय त्या नोकरीसाठी रोज देवापुढे एक जादा वात लावायची. जमीन होती, पण माझ्या दोन थोरल्या बहिणींच्या लग्नांच्या कर्जानंतर भाऊनं पगारावर जगावं अशी सगळ्या घराची इच्छा होती. हे सगळं मला माहीत होतं. मी लहान नव्हते. माझ्या वतीनं कुणी तसं म्हणू नये म्हणून आधीच सांगते.

मग मी असं का केलं? याचं उत्तर इतकं किरकोळ आहे की लिहायला लाज वाटते. शेवटच्या कुस्तीआधी भोंग्यावर दोन्ही नावं तीनदा पुकारायचे. पहिल्यांदा साधी, मग बापाच्या नावासकट, मग गावाच्या नावासकट, आणि तिसऱ्या पुकाऱ्याला सगळे डफ एकदम उठायचे. कितीतरी वर्षं धाब्यावर बसून मी परक्या गावांची नावं तशी ऐकली होती. मला एकदा आमचं ऐकायचं होतं. शेजारणींच्या मधोमध बसून, शेंगा खाणं थांबवून, मला माझ्या भावाचं नाव शेवटच्या जोडीला तीनदा ऐकायचं होतं. मला दंगल बघता येत नव्हती. निदान माझ्या वहीतलं काहीतरी त्या भोंग्यातून माझ्यापर्यंत परत यावं असं वाटायचं. म्हणून मी एका दुपारी बसले आणि भाऊच्या पारोळ्याकडच्या कुस्त्या अर्ध्याऐवजी पुऱ्या धरल्या. एवढंच केलं. बेरीज बरोबर होती, फक्त नियम बदलला होता, आणि तोही एकट्यासाठी. भाऊ पाचाचा दोन झाला.

दोन दिवसांनी बैठक होती. आबा पाणी प्यायला आत आले.

"गजमलसंगे कोणले लावू? दुसरा कोण शे?"

"आपला भाऊ," मी म्हणाले.

आबा तांब्या हातात धरून उभे राहिले. "सुपडू नही?"

"सुपडू आते तिसरा शे."

"वहीमा तसंच लिखेल शे?"

"हा, आबा."

त्यांनी वही मागितली नाही. कधीच मागत नसत. पाणी न पिताच ते बाहेर गेले, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. बापानं स्वतःच्या पोराचं नाव शेवटच्या जोडीला सुचवलं म्हणून बाहेर कुणीतरी खाकरलं, मग आबांच्या आठवणीवर सगळ्यांचा भरवसा होता म्हणून ते मान्य झालं. जाहिरात छापून आली तेव्हा माय तिच्याकडे बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकाचं नाव कुठल्या जागी छापलंय ते तिला कळलं. भरती वीस दिवसांवर आलीये आणि आता ही कुस्ती कशाला, असं ती आबांना दोनदा म्हणाली.

संध्याकाळी भाऊ गोठ्यात मला शोधत आला. हातात जाहिरातीचा कागद होता, घडी न घालता दोन्ही हातांनी धरलेला. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. खूश होता, पण खूश व्हावं की नाही हे विचारायला आला होता.

"इंदू, मी खरंच दुसरा व्हयनू का?"

त्या क्षणी मी नाही म्हणू शकत होते. आबांना सांगून दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या छापखान्यात माणूस पाठवता आला असता. थोडं हसं झालं असतं, ते माझं. मी म्हणाले, "हा भाऊ. वहीमा देख." त्यानं वहीला हात लावला नाही. त्या दिवसापासून त्याचे जोर वाढले. मी अंथरुणात मोजायचं सोडून दिलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी गजमल आमच्याच ओसरीवर चहा प्यायला आला. मी त्याला प्रथमच पाहिलं, दाराच्या फटीतून. त्याची मान भाऊच्या मांडीएवढी होती. इतकी वर्षं मी आकडे लिहीत होते, माणसं फक्त भिंतीआडून ऐकली होती. भाऊ त्याच्या शेजारी बसला होता आणि जावई दिसावा तसा कोवळा दिसत होता. मी मनात म्हटलं, आबा काय बघतील ते बघतीलच; ताप लावतील. दिवसभर मी त्या आशेवर होते. दुपारी धाब्यावर चढले, नारळाच्या कुस्त्या झाल्या, वाट्या झाल्या, पराती झाल्या, आणि प्रत्येक वेळी मास्तरांनी दम घेतला की मला वाटायचं, आता सांगतील. मग शेवटचा पुकारा झाला. हिलाल पहिलवान. हिलाल आधार पहिलवान. तिसऱ्याला गावाचं नाव आणि सगळे डफ. शेजारच्या काकूंनी माझा हात दाबला. जे ऐकण्यासाठी मी सगळं केलं होतं ते ऐकताना मला कानांवर हात ठेवावासा वाटला.

कुस्ती बराच वेळ चालली. डफाच्या चालीवरून मला कळत होतं की भाऊ तगून आहे. मग मास्तर म्हणाले, गजमलनं कब्जा घेतला, आणि डफ चढत गेला. पुढं लोकांचा आवाज आला, पण तो पाठ टेकल्याचा नव्हता, बरोबरीचाही नव्हता. असा आवाज मला पाठ नव्हता. डफ एकदम बंद पडले. मग नंतर लोकांकडून कळलं ते असं की गजमलनं त्याला मागून उचलून टाकला. तो सरळ चित झाला असता तर धूळ झटकून घरी आला असता. पण पाठ लागू नये म्हणून त्यानं हवेतच कंबर पिळली, उजवा पाय भुसभुशीत मातीत रुतला आणि दोघांचं वजन त्या गुडघ्यावर आलं. गजमलनं स्वतः त्याला पाठीवर घेऊन जीपपर्यंत नेलं. कुस्तीचा निकाल लागला नाही, म्हणून हंडा कुणालाच जात नव्हता. गजमलनं तो आमच्या घरी पाठवायला लावला. मायनं आठवडाभरानं तो देवळात देऊन टाकला.

भरतीच्या दिवशी भाऊ खाटेवर होता. गुडघा हळदीच्या लेपात बांधलेला. हाड बसवणाऱ्यानं बसवला, पुढं धुळ्याच्या डॉक्टरनंही पाहिला, पण तो पाय कायमचा थोडा बाहेर वळलेला राहिला. त्या पायानं पुन्हा भरतीत धावता आलं नाही, आणि पुढं वयही गेलं. आखाड्याच्या जागी आबांनी कडबा रचला. भाऊनं शेती केली, हंगामात जिनिंगच्या फाटकावर बसला, लग्न झालं, मुलगा शिकला आणि धुळ्याला नोकरीला लागला. वाईट संसार झाला नाही. पण त्यानंतर मी त्याला कधी पळताना पाहिलं नाही, एसटी सुटत असतानासुद्धा. आणि गावानं दोष दिला तो आबांना. हंड्याच्या हावेनं बापानं पोराला ताप लावला नाही, असं लोक तोंडावर म्हणायचे. कमिटीतून आबा आपणहून बाजूला झाले. ते एका शब्दानं बोलले नाहीत, ना ताप का लावला नाही याबद्दल, ना वहीबद्दल. आणि मला, खरं सांगते, ते सोयीचं होतं. मी खोटा नंबर दिला, कबूल. पण सकाळी गजमलला डोळ्यांनी बघूनही आबांनी विचारलं का नाही? माझ्या चुकीतला मोठा वाटा मी त्यांच्या पदरात घातला आणि ते वारले तेव्हासुद्धा काढून घेतला नाही.

वही मी चुलीत घातली. पुढं शिकले, जळगावला शिक्षिका झाले. बत्तीस वर्षांत मी कुणाचा अर्धा मार्क वाढवला नाही. एका मार्कानं नापास झालेल्या मुलीची आई माझ्या दारात येऊन रडली, तरी नाही. मुलं मला कंजूष बाई म्हणायची. त्या मुलींपैकी दोघीतिघींची मात्र मला आज माफी मागावीशी वाटते, कारण त्यांच्याशी मी जो कडकपणा केला त्याचा त्यांच्या उत्तरपत्रिकेशी काही संबंध नव्हता.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर भाऊची तब्येत खालावल्याचा फोन आला. मी एसटीनं धुळ्याला गेले. वाटेत पारोळं लागलं तेव्हा मी वाक्यं जुळवून ठेवली होती. भाऊ, तू पाचवा होतास, मी तुला दुसरा केला, मला माफ कर. एवढंच. जास्त बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तो मुलाच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, वाळून अर्धा झालेला. त्याची नात पल्लवी शेजारी जमिनीवर बसून भिजवलेले हरभरे खात होती. ती तिथल्या तालमीत जाते. आता मुली जातात. मी पाणी पिते न पिते तोच तिनं मला विचारलं, "आत्याआजी, आजोबा खरंच तेवढे भारी होते का? तुम्ही तर नंबर लावायचात म्हणे."

मी तोंड उघडायच्या आत भाऊ बोलायला लागला. इतकी वर्षं मी त्याच्याकडून त्या दिवसाबद्दल एक अक्षर ऐकलं नव्हतं.

"त्या दिन सकायले आबा मनाकडे गोठामा उना," तो नातीला म्हणाला. "गजमलले देखी सन त्याना जीव ऱ्हायना नही. म्हने, हिलाल, ताप लावू का? मी सांगं, नको. इंदूनी वहीमा माले दुसरा लिखेल शे, ती खोटं लिखत नही. मंग माले कसाना ताप?" त्याला दम लागला होता. "आबानी तीनदा इचारं. मी तीनदा नही सांगं. नंतर लोकंस्नी आबाले बोल लावा, तरी आबा म्हने, कोणले सांगू नको. आंडेरना, आपली इंदूना नाववर बोल यी."

मी खुर्चीच्या हाताला धरून बसले होते. चाळीसहून अधिक वर्षं मी ज्या माणसाला मनातल्या मनात अर्धा गुन्हेगार ठरवलं होतं, त्यानं तीनदा विचारलं होतं. तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा माझी वही आडवी आली होती.

भाऊनं माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तो गोठ्यातला प्रश्न तसाच होता, पण या वेळी त्याला उत्तराची खात्री होती. नातीनं फक्त माझ्या तोंडून ऐकावं एवढीच त्याची इच्छा होती.

"दुसराच ना मी, इंदू?"

त्याच्याकडे नोकरी नव्हती, पाय नव्हता, हंडा नव्हता. माझ्या वहीतला तेवढा एक नंबर होता, आणि तो परत मागायला मी जळगावहून आले होते.

"दुसराच, भाऊ," मी म्हणाले.

तो खूश होऊन नातीकडे बघून हसला. माघात तो गेला. माफी मागायची राहिली ती राहिलीच. आता त्याची आणि आबांची, दोघांचीही.